झोंबत नाही हो तुमचं! (आमच्या निर्गुडी मलमाची वाटचाल)

पालखी मुक्कामाला आली की सासवडच्या आमच्या ओट्यावर टेबल मांडलं जातं आणि पहिल्या तासाभरातच हे वाक्य कानावर पडतं. माणूस डबी उघडतो, बोटाचं टोक बुडवतो, मनगटावर चोळतो, जरा वेळ वाट बघतो आणि म्हणतो, "झोंबत नाही हो तुमचं." या एका वाक्यापायी आमचा धंदा बुडायच्या बेतात आला होता, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दिवे घाट चढून आलेले पाय ज्यांनी बघितलेत त्यांना जास्त सांगायला नको. पुण्याहून तीस-बत्तीस किलोमीटरची चाल आणि त्यात तो घाट. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. माझ्या सासूबाई ओसरीवर तेलाचं पितळी भांडं घेऊन बसायच्या आणि येईल त्या माऊलीचे पाय चोळून द्यायच्या. तिळाचं तेल, कऱ्हेकाठची निर्गुडी, लसूण, ओवा, सुंठ. विकायचा विषय कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पैसे घेतले असते तर सासूबाईंनी घरात घेतलं नसतं.

आमच्याकडे मराठवाड्यातली एक दिंडी उतरायची. तिचे विणेकरी बुवा शिडशिडीत, कमी बोलणारे, वीणा खाली न ठेवणारे. १९९६ च्या वारीत ते सासूबाईंना म्हणाले, "माऊली, तेलाला गुण आहे. पण गेल्या साली बाटली पडशीत सांडली आणि ज्ञानेश्वरी तेलकट झाली. जरा गोठवून देता येईल का?"

सासूबाई हसल्या. मी मात्र ते मनात धरून बसले. तेल गोठवायचं म्हणजे मेण आलं, आणि मेणाशी माझी तोवर काही ओळख नव्हती.

पहिल्या वर्षी काय काय केलं ते सांगत नाही, लाज वाटते. एक घाण तर इतका घट्ट झाला की चमच्याने खरवडावा लागला. हळूहळू हात बसला. आमचं माप आजही तेच आहे: चार किलो तिळाच्या तेलाला सोळा लिटर निर्गुडीचा रस आणि किलोभर कल्क (वाटलेल्या औषधांचा गोळा). मंद आच. सासूबाईंचा दंडक होता की तेल एका दिवसात उरकायचं नाही. संध्याकाळी आच काढायची, रात्रभर ठेवायचं, सकाळी परत पेटवायचं. रस आटत आला की तेलावर फेस येतो. तूप कढवताना फेस बसला की झालं समजतात, तेलाचं उलटं आहे. पण नुसत्या फेसावर जाऊ नका. तळचा कल्क बोटांत घेऊन वळायचा. वात झाली पाहिजे, आणि ती वात आचेवर धरली तर तडतडली नाही पाहिजे. तडतडली म्हणजे पाणी आहे, आणि पाणी राहिलं की दोन महिन्यांत तेल खवट झालंच म्हणून समजा. कल्क काळा पडून कडक झाला तर तेल करपलं. या दोन्हींच्या मधे फार तर दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत फोन वाजला तर मी आजही उचलत नाही.

मग फडक्यातून गाळायचं, कढत तेलात सहा भाग तेलाला एक भाग मेण (उन्हाळ्याच्या मालाला पाच भागांना एक), आणि सगळ्यात शेवटी कापूर, पुदिन्याचं फूल (मेन्थॉल), ओव्याचं फूल (थायमॉल). ही तिन्ही एका बाटलीत घातली की आपोआप पाणी होतात, वेगळं विरघळवावं लागत नाही. कढत तेलात घातली तर वासाने घर दणाणतं आणि डबीत काही उरत नाही. भांड्याच्या कडेला पांढुरकी साय धरायला लागायच्या जरासं आधी घालायची. त्याच्यानंतर उशीर केला तर गुठळ्या. डबी एका दमात भरू नये, मधोमध खळगा पडतो. आधी पाऊण भरायची, गोठू द्यायची, मग वरून दुसरा हात. माझ्याकडे सासूबाईंचा एक झारा आहे, दांड्याला कथलाचा जोड दिलेला. त्याच्या तोंडाला थोडी पोच आहे आणि त्या पोचेतून धार नेमकी डबीच्या तोंडाइतकी पडते. स्टीलचे चार नवे झारे आणून बघितले. चारही स्वयंपाकघरात गेले.

पुढच्या वारीला बुवांना पत्र्याच्या सहा डब्या दिल्या. त्यांनी पैसे काढले. सासूबाई नको म्हणाल्या तर बुवा म्हणाले, "सेवा होती तोवर घेतली. आता डबी झाली. डबीला मोल असतं." सासूबाई गप्प बसल्या. पंचवीस ग्रॅमची डबी आठ रुपयांना. आमची पहिली विक्री ती.

धंदा म्हणून उभा केला तो मात्र माझ्या मिस्टरांच्या मावसभावाने, हे नाकारून कसं चालेल? भावोजींकडे स्कूटर होती, बोलायची हातोटी होती आणि त्यांना कागदपत्रांचा कंटाळा नव्हता. घरी करून घरात वापरा, शेजारणीला द्या, कुणी विचारत नाही. पण अंगदुखीवरचं म्हणून विकायला गेलात की १९४० चा औषधांचा कायदा लागू होतो आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जागा, फरशी, पाण्याची सोय, तज्ज्ञ माणूस, प्रत्येक घाणाची नोंद. आजकाल फोनवर मलमं विकणाऱ्या पोरींना मी हे आपणहून सांगते, आणि त्या माझ्याकडे आजीबाईकडे बघावं तशा बघतात. असो. ती सगळी धावपळ भावोजींनी केली. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून डब्या आणल्या, हिरवं झाकण त्यांनीच निवडलं. मधली आठ-नऊ वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग एका हिवाळ्यात भावोजी म्हणाले, "वहिनी, लोकांना चटका पाहिजे. आपण मिरचीचा अर्क घालू."

मी म्हटलं, "चालून चालून मांड्या सोललेल्या असतात. त्यावर मिरची?"

"सोललेल्यावर लावू नका असं लेबलवर छापू."

"रात्री तंबूत लेबल कोण वाचणार आहे?"

दोन महिने रोज हाच वाद. ते म्हणायचे, गुण येतो की नाही हे माणसाला सकाळी कळतं, पण डबी घ्यायची की नाही हे तो टेबलापुढे उभा राहून ठरवतो. मी म्हणायचे, निम्मा गुण तर चोळण्यात असतो, चटका कशाला पाहिजे? शेवटी त्यांनी हिशेब मागितला. आम्ही दिला, पै न् पै. कर्ज काढून दिला. चहा पिऊन, माझ्या पाया पडून गेले.

पुढच्या आषाढीला हडपसरपासूनच त्यांचा माल लागला होता. डबी तीच, आमच्याच बोहरी आळीतली. झाकण हिरवं. लेबलवर निर्गुडीचा डहाळा, आमच्या चित्रकाराने काढला होता तसाच, फक्त डावीकडचा उजवीकडे. किंमत आमच्यापेक्षा पाच रुपयांनी कमी. आत काय होतं ते मी विकत घेऊन बघितलं: पॅराफिनचं बूड, गंधपुऱ्याचं (विंटरग्रीनचं) तेल सढळ हाताने आणि मिरची. निर्गुडी वासापुरतीसुद्धा नाही. आणि खप? आमच्या ओट्यावर येईपर्यंत लोकांच्या पडश्यांत त्यांची डबी आधीच असायची. काही जण ती उघडून मलाच दाखवायचे, "तुमचंच घेतलंय की!" त्या वारीत आमच्या अठराशे डब्यांतल्या चारशेही गेल्या नाहीत. तुम्ही म्हणाल, कोर्टात जायचं. नाव आणि चित्र नोंदवून घ्यायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. ज्यांचा धंदा अजून लहान आहे त्यांनी ते आधी करून घ्या, झाकण-बिकण नंतर निवडा.

त्यानंतरची चूक मात्र माझी, ती भावोजींवर ढकलता येणार नाही. किंमत उतरवायची म्हणून मी महाबळेश्वरकडच्या आमच्या नेहमीच्या मधपाळाला सोडून बाजारातलं स्वस्त मेण घेतलं. एरवी मी मेणाचा तुकडा चावून बघते. मधमाशीचं मेण दाताला चिकटत नाही, वळलं तर वळतं, मोडलं तर मोड दाणेदार, मंद. पॅराफिन बोटाला निसरडं लागतं आणि त्याचा भुगा होतो. त्या दिवशी पोतं उघडलं, वास बरा वाटला, आणि घाई होती. मे महिन्यात बाराशे डब्या टेंपोने सोलापूरकडे पाठवल्या. पत्र्याच्या टपाखाली दोन दिवस. खोकी उघडली तर झाकणांतून तेल गळून लेबलं काळी झालेली, आणि डबीत उरला होता मेणाचा रवा. सगळा माल परत आला. भाडं आमच्याच बोकांडी. त्या रात्री ह्यांनी कढई धुऊन पालथी घातली आणि म्हणाले, "पुरे आता." मी भांडलेसुद्धा नाही.

कढई सव्वा महिना पालथीच होती.

मग पालखी आली. बुवा ओसरीवर टेकले आणि नेहमीसारखे म्हणाले, "सहा." घरात एक डबी नव्हती. मी सांगितलं, बंद केलं. त्यांनी पडशीतून आमची जुनी, रंग उडालेली डबी काढली. रिकामी झाल्यावर ते तिच्यात बुक्का ठेवायचे. दुसरी डबी काढली ती भावोजींची, वाटेत कुणीतरी फुकट दिलेली, जवळजवळ भरलेली. म्हणाले, "ही एकदा लावली. रात्रभर मांडी धरून बसलो." एवढंच. सल्ला नाही, उपदेश नाही. सासवडला पालखी दोन रात्री असते. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे आधीच निर्गुडी आणायला पोतं झटकत होते. इतक्या घाईने तेल मी आयुष्यात कधी केलं नाही. सासूबाई असत्या तर रागावल्या असत्या. तिसऱ्या पहाटे पालखी जेजुरीकडे निघायच्या आत सहा डब्या दिल्या, अजून कोमट होत्या. बुवांनी पैसे मोजून दिले.

त्यानंतर धंदा परत उभा राहिला. उधारी फिटायला पाच वर्षं लागली. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारीच झाली नाही, माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. रस्ता रिकामा बघून रडू आलं, पण त्या दोन वर्षांत कंबरदुखीवाल्यांनी घरपोच डब्या मागवून आम्हाला तारलं. भावोजींचा माल अजून चालतो, आता त्यात तीन प्रकार आहेत. लग्नकार्यात भेटलो की नमस्कार-चमत्कार होतो. त्यांच्या डब्यांवर अजूनही आमचाच डहाळा आहे.

विचारलं नाहीत तरी सांगते: कुठलंही मलम लावून वर गरम पाण्याची पिशवी धरू नका, कातडी भाजते. जखमेवर, डोळ्यांजवळ नको. तान्ह्या मुलाला कापराचं काहीच लावू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर गंधपुऱ्याचं मलम डॉक्टरांना विचारूनच. आणि तीन आठवड्यांत दुखणं हललं नाही तर मलम बदलत बसू नका, तपासून घ्या.

२०२२ ला वारी परत पायी निघाली. वीणा गळ्यात घेतलेला एक तरुण ओट्यावर आला. बुवांचा पुतण्या. त्याने पडशीतून ती बुक्क्याची डबी काढून दाखवली, बुवा गेले म्हणून सांगितलं. मी आत जाऊन बुवांच्या नेमाच्या सहा डब्या आणल्या. त्याने एक उघडली, मनगटावर चोळली, वाट बघितली.

"काकू, यात चटका जरा कमी आहे का?"

आता सांगूनच टाकते. भावोजींशी भांडले त्याला बरीच वर्षं झाली, आणि गेली सहा वर्षं आम्हीही लाल झाकणाची डबी काढतो. गंधपुरा जास्त, मिरची थोडी, बूड मात्र निर्गुडीच्या तेलाचं आणि खऱ्या मेणाचंच. हिरव्याच्या तिप्पट खपते. त्याला तीन हिरव्या दिल्या, तीन लाल. सोललेल्यावर कुठली लावायची नाही ते दोनदा सांगितलं आणि पैसे घेतले.