कॅमेरा माझा, फोटो कुणाचा?
लग्नसराईत एका स्टुडिओसाठी दिवसाच्या बोलीवर शूट केलं, कॅमेऱ्याची बॉडी माझी, ८५ एमएमची लेन्स माझी, दोन्ही फ्लॅश माझे, स्टुडिओचं काय तर एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा डबा) आणि त्याचा मोडका स्टँड. नंतर नवरीचा एक क्लोजअप इन्स्टावर टाकला तर मालकाचा लगेच फोन, काढून टाक म्हणे, फोटो आमचा! मी पण तापलो. मग १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडला, कलम १७, आणि गारच पडलो... पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो काढून घेणारा, कॅमेरा कुणाचा हे कायदा विचारतच नाही. आता ॲडव्हान्स घेतानाच लिहून घेतो, पोर्टफोलिओत वापरणार म्हणून. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल्स, मात्र अजून माझ्याच हार्डडिस्कवर पडल्यात, कुणी मागितल्याच नाहीत.