भर पावसात भजनाचे टेक जोडताना

भजनाचं रेकॉर्डिंग वेंगुर्ल्याकडे गणपतीच्या तोंडावर आठवतं, म्हणजे ऐन पावसात. आमच्या बुवांचा अभंग मी यंदा त्यांच्याच माजघरात घेतला. लॅपटॉप, माइक त्याला जोडणारा छोटा इंटरफेस आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढंच सामान.

बुवा तोच चरण प्रत्येक वेळी वेगळा गातात. चार टेकांतले, म्हणजे चार वेळा गाऊन घेतलेल्या रेकॉर्डिंगमधले, चांगले तुकडे निवडून एक गाणं करायचं तर लय सगळीकडे सारखी हवी, आणि कानात लयीची टकटक, म्हणजे क्लिक, वाजत असताना गाणार नाही असं बुवांनी आधीच सांगून टाकलं होतं. म्हणून आधी पखवाज आणि पेटी सलग घेतली. बुवा तेव्हा पडवीत बसून हळू गुणगुणत होते. आत बसले असते तर त्यांचा आवाज पखवाजाच्या माइकात शिरला असता आणि नंतरच्या प्रत्येक टेकमागे भुतासारखा ऐकू आला असता. मग तो ठेका हेडफोनवर लावून नुसता गळा, पुन्हा पुन्हा. प्रत्येक चरणाआधी ध्रुवपदाची ओळ धावपट्टी म्हणून ठेवली. थेट चरणावर सुरुवात केली की आवाज कोरा लागतो. झांज सगळ्यात शेवटी.

रीपरमध्ये पूर्वी सगळे टेक एकाच आयटमच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या एकाच आवाजपट्टीच्या, पोटात जायचे. सगळ्यांना एकाच जागी कापायचं आणि तुकड्यागणिक टेक निवडायचा. चालायचं, पण सांधा जरा सरकवायचा तर कंटाळा यायचा. २०२३मध्ये सातवी आवृत्ती आली आणि प्रत्येक टेकला स्वतःची लेन, म्हणजे वेगळी ओळ, मिळाली. हवा तो भाग माउसने ओढायचा, तो निवडीत जातो. कड सरकवली की शेजारचा तुकडा आपोआप जुळवून घेतो. जागेची चिंता नको: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका माइकचा एक मिनिट नऊ एमबीच्या आतच बसतो.

खरी डोकेदुखी पावसाची. एक टेक कौलांवर सर कोसळत असताना, दुसरा उघडीप असताना. दोन्ही आवाज छान, पण जोडले की मागचा पाऊस मधेच तुटतो आणि सांधा शेंबड्या पोरालाही कळतो. मी पावसाचे टेक निळे आणि कोरडे पिवळे रंगवले आणि एका चरणात शक्यतो एकच रंग ठेवला. शिवाय कोणी गात नसताना माजघराचा नुसता आवाज मिनिटभर घेऊन ठेवला होता. तो गाण्याखाली सलग अंथरला की बारीक फरक झाकले जातात. धो धो सर मात्र झाकत नाही.

निवड कागदावर केली. अभंग लिहून प्रत्येक ओळीपुढे टेकचे आकडे, आणि गाताना कान टवकारले की तिथेच टिक. नंतर सगळं पहिल्यापासून ऐकायला बसलं की चौथ्या टेकनंतर सगळेच सारखे वाटतात. सॉफ्टवेअरने ही खूण रेकॉर्डिंग चालू असतानाच एका बटणावर, थेट त्या त्या टेकवर करून दिली तर कागद मी आनंदाने चुलीत घालीन.

कापायची जागा म्हणजे क, ट, प यांच्या आधीची क्षणभराची शांतता. तिथे दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढवणं, पुरतो. मींड किंवा लांबवलेल्या स्वराच्या मधे मी कात्री लावत नाही. तिथे सूर जुळला तरी आवाजाचा पोत जुळत नाही.

तयार झालेलं बुवांना ऐकवलं. दुसऱ्या चरणावर त्यांनी हात वर केला. "झिला, माझो श्वास खय गेलो? ह्यां एका दमात कोण गातलो? डबलबारीत समोरचो बुवा हसतलो माका."

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, तिथे हसं होणं परवडत नाही. दोन टेकांच्या सांध्यात श्वास कापला गेला होता. कड डावीकडे ओढली, श्वास परत आला. मग बुवांनी पुढचा चरण लावायला सांगितला.