बोर्डावरचा भाव

अमळनेरजवळच्या एका जिनिंगमधला हा प्रकार. तीन आठवडे झाले, दुरुस्तीही झाली. तरी रात्री पाठ टेकली की त्या अकरा पावत्या डोळ्यांसमोर येतात.

कापसाच्या गाडीचं वजन दोनदा होतं. भरलेली गाडी काट्यावर येते, मग कापूस खाली होतो, मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. मध्ये अर्धा तास जातो, गर्दी असली तर दोन तास. भाव ठरतो तो पहिल्या काट्याला, कापूस आणि ओल बघून. त्यानंतर भाव उतरो की चढो, उघड्या पावतीला त्याची झळ लागता कामा नये. शेतकऱ्याला दिलेला शब्द तो.

म्हणून काट्याचा प्रोग्रॅम लिहिताना भावाचा तक्ता मी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आर्कमध्ये (Arc) ठेवला. एखादी वस्तू किती जणांनी धरून ठेवली आहे याची मोजदाद ठेवणारा हा पॉइंटर, म्हणजे वस्तूच्या मेमरीतल्या जागेचा पत्ता. प्रत्येक उघडी पावती तक्त्याचा एक आर्क धरून बसते. भाव बदलायला मेक-म्यूट (make_mut), आर्कसोबतच मिळणारं फंक्शन. तक्ता दुसऱ्या कुणाच्याही हातात नसेल तर तो जागच्या जागी बदलू देतो, असेल तर आधी प्रत काढतो आणि बदल त्या प्रतीत होतो. जुनी पावती जुन्या तक्त्यावर, नवी पावती नव्या. काट्याचा सगळा न्याय एका ओळीत बसला होता. या रचनेचा मला आजही अभिमान आहे.

गेटवरच्या एलईडी बोर्डाचं काम सहकाऱ्याकडे होतं. बोर्डानेही आर्क धरला तर दर बदलाला विनाकारण प्रत निघेल, म्हणून त्याने बोर्डाला वीक (Weak), म्हणजे वस्तू धरून न ठेवणारा कमकुवत पॉइंटर, दिला. वीकची गणती धरणाऱ्यांत होत नाही. वाचायच्या वेळी तो अपग्रेड करायचा, म्हणजे त्यातून आर्क मागायचा. तक्ता असला तर मिळतो, नसला तर नन (None), म्हणजे 'काही नाही', येतो. नन आल्यावर काय करायचं, तिथे त्याने काहीच लिहिलं नव्हतं. मुलगा हुशार आहे, पण मोजून न बघता बचत करायची त्याला भारी घाई. चार प्रतवाऱ्यांचा तक्ता तो, त्याची प्रत काढायला लागतो किती वेळ? आणि हा कोड बघून मंजूर केला होता मीच.

दोन आठवडे काही दिसलं नाही, कारण सकाळी प्रोग्रॅम सुरू करतानाच भाव भरला जायचा आणि दिवसभर तोच राहायचा. त्या दिवशी सकाळी ७,२५० होता. १२ वाजून १० मिनिटांनी शेठनी १०० रुपये उतरवला. पावणेदोनला मुनीमजींचा फोन आला, "लवकर या, माणसं जमली आहेत."

गेटवर बोर्ड लखलखत होता, ७,२५०. पावत्या निघत होत्या ७,१५० च्या. एका काकांनी पावती माझ्यापुढे धरली. "बोर्डवर येगळा, पावतीवर येगळा, हाई काय शे भाऊ?" अठरा क्विंटल कापूस, म्हणजे १,८०० रुपये. त्यांनी आवाज चढवला नाही. मला तेच जास्त लागलं. मागून कुणीतरी 'काटा मारतात' म्हणालं आणि मला उत्तर देता आलं नाही.

आधी वाटलं, जुन्या पावत्यांनी जुना तक्ता जिवंत ठेवलाय, बोर्डाचा वीक त्यालाच चिकटलाय. त्या पावत्या बंद झाल्या की सुटेल. शेवटची जुनी गाडी बाहेर पडली, बोर्ड ढिम्म. आता अपग्रेडला नन येत होता आणि एलईडी शेवटचा आकडा तसाच दाखवत होती. बोर्ड काळा पडला असता तर निदान लगेच कळलं असतं.

बोर्ड बंद करून संध्याकाळी लॅपटॉपवर बसलो. एकही पावती उघडी नाही, तक्ता धरणारा एकटा मी. तक्त्याच्या क्लोनमध्ये, म्हणजे प्रत काढणाऱ्या कोडमध्ये, एक ओळ छापायला लावली आणि भाव बदलला. ओळ छापली गेलीच नाही, म्हणजे प्रत निघालेली नाही. तरी वीक मेलेला! मग मोजण्या छापल्या. आधी धरणारे १, वीक १. नंतर धरणारे १, वीक ०. तक्त्याचा मेमरीतला पत्ताही बदललेला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. धरणारा एकच असला, पण वीक शिल्लक असले, तर मेक-म्यूट प्रत काढत नाही. तक्ता उचलून नव्या जागी नेतो आणि जुने वीक तोडून टाकतो. तोडावेच लागतात, कारण मी तक्त्यात लिहीत असताना कुणी वीक अपग्रेड करून वाचायला लागला तर रस्टने दिलेली हमीच मोडते. गेट-म्यूट (get_mut) हे आर्कचं दुसरं फंक्शन, तो अशा वेळी सरळ नन देऊन नकार देतो. मेक-म्यूट काम करून मोकळा होतो. हे सगळं रस्टच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय. मी प्रत काढण्यापर्यंतच वाचून उठलो होतो. वीक तक्त्याला बांधलेला नसतो, त्या जागेला बांधलेला असतो. दुपारी प्रत निघाली म्हणून आणि संध्याकाळी जागा हलली म्हणून, बोर्ड दोन्ही वेळा मागेच राहिला.

आता चालू तक्त्याचा आर्क एका आर-डब्ल्यू-लॉकमध्ये (RwLock) आहे, म्हणजे वाचणारे कितीही पण लिहिणारा एका वेळी एकच, अशा कुलपात. पावती उघडताना तिथून आपला आर्क घेते, बोर्ड दर सेकंदाला तिथेच येऊन वाचतो. भाव वाचता आला नाही तर बोर्डावर रेघा येतात. मेक-म्यूट तसाच ठेवलाय, त्याचा काही दोष नव्हता.

शेठचं म्हणणं पडलं की पावती बरोबर, बोर्ड चुकला. मी म्हटलं, माणसाने गाडी आत घातली ती बोर्ड बघून. बरंच बोलणं झालं, शेवटी ते कबूल झाले. लॉगमधून १२:१० नंतर उघडलेल्या पावत्या काढल्या, अकरा निघाल्या. सहा जण आवारातच होते, त्यांना तिथल्या तिथे फरक मिळाला. निघून गेलेल्या पाचांपैकी चौघांना मुनीमजींनी फोन करून बोलावलं. अकराव्या पावतीवर मोबाईल नंबर नाही, तो रकाना मी सक्तीचा केला नव्हता. गाव पारोळा, आडनाव पाटील, १२ क्विंटल ४० किलो. १,२४० रुपये त्यांचे निघतात. पावतीवर ट्रॅक्टरचा नंबर आहे, ट्रॅक्टर भाड्याचा असावा. सोमवारी मुनीमजी आणि मी पारोळ्याला जातोय, ट्रॅक्टरवाला सापडतो का बघायला.