जो हीनी ऐकताना : सातव्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की मोबाइलवरचा तानपुरा लावून, त्यावर जो हीनीची गाणी स्वरलिपीत उतरवतेय. या महिन्यात तो तानपुरा बंद केला आणि वहीतली अकरा पानं फाडून टाकली. सहा महिन्यांत केलेल्या कामातली ही सगळ्यात बरी गोष्ट, असं आता वाटतं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. जो हीनी, आयरिशमध्ये शोसव ओ हेनी. जन्म १९१९, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारातल्या कार्नाजवळ. घरची भाषा आयरिश. गायकी शॅन-नोस, म्हणजे शब्दशः 'जुनी रीत'. साथीला वाद्य नाही, ठेका नाही, एकट्याचा गळा. पोटासाठी स्कॉटलंड, इंग्लंड आणि मग १९६६ पासून अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीच्या दारावर तो दरवान होता. शेवटची दोन वर्षं सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गाणं शिकवलं आणि १९८४ मध्ये तिथेच गेला. त्याच्या कितीतरी ध्वनिफिती त्या विद्यापीठानं जपून ठेवल्यात.

तर तानपुरा. तो लावला की हीनी मला सतत बेसूर वाटायचा. गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही, दोहोंच्या मधे कुठेतरी. निषादाचं तेच. मी मुकाट्यानं 'जवळचा स्वर' लिहून पुढे जायचे. एका रविवारी तानपुरा न लावता तेच गाणं ऐकलं आणि तो गंधार इतका पक्का, इतका जागच्या जागी बसलेला ऐकू आला की पेन खाली ठेवलं. हा माणूस 'सा' कानात भरून गातच नाहीये. त्याचा आधार शब्द आहे. आता मी स्वर लिहीत नाही. आधी शब्द लिहिते, मग त्यातलं कुठलं अक्षर तो धरून ठेवतो ते लाल पेननं दाखवते.

आणि तो धरतो ती व्यंजनं! आपल्याकडे आलाप आकारात, लांबवायचा तो स्वर. इथे तो ल, म, न, र यांवर रेंगाळतो. 'ग्याल' या शब्दाचा, म्हणजे 'लख्ख, उजळ' याचा, शेवटचा ल् जिभेवरून सुटतच नाही. नाकातून एक बारीक गुणगुण चालू राहते आणि पुढची ओळ तिच्यातूनच उगवते. कंप नाही, आवाज चढवणं-उतरवणं नाही. दुःखाच्या जागी आवाज हळवा करणं तर नाहीच. हरकत येते ती दोन शब्दांच्या सांध्यात, आणि पुढच्या कडव्यात त्याच जागी येईलच असं नाही.

या सगळ्याचा उलगडा मला एका साध्या वाक्प्रचारानं झाला. कॉनेमारात कुणाला गायला सांगायचं तर म्हणतात 'अबर औरान'. अबर म्हणजे म्हण, बोल. औरान म्हणजे गाणं. गाणं म्हण! हे वाचलं तेव्हा मी थबकले, कारण आपणही तेच म्हणतो. अभंग म्हणतो, आरती म्हणतो, बाळाला पाळणा म्हणतो. लहानपणी पाहुण्यांसमोर उभं करून 'एक गाणं म्हण गं' असंच सांगितलं जायचं, 'गा' असं नाही. शॅन-नोस गाणारे पुष्कळ जण तर शेवटचे शब्द गातच नाहीत. सूर सोडून साध्या बोलण्यात ते सांगून टाकतात आणि गाणं संपतं.

या महिन्यातला बहुतेक वेळ एकाच गाण्यानं घेतला : 'कीन्या ना द्री मुर्‍या', तीन मारियांचा विलाप. हे पारंपरिक गाणं आहे, ख्रिस्ती लोकांच्या पवित्र आठवड्यातलं, म्हणजे येशूला क्रुसावर दिल्याच्या आठवणीचं, आणि मुळात बायकांच्या तोंडचं. येशूची आई मारिया त्याच्या शिष्याला, पीटरला, विचारते, माझ्या उजळ लाडक्याला पाहिलंस का? तो सांगतो, पाहिलं मघाशी, वैऱ्यांच्या समोर. प्रत्येक ओळीनंतर 'ओखोन आगस ओखोन ओ', हाय हाय. पुढे आई विचारते, हेच का ते लेकरू जे मी तीन 'रॉहा' पोटात वाहिलं? रॉहा म्हणजे वर्षाचा पाव भाग, एक ऋतू. नऊ महिने न म्हणता ती तीन ऋतू म्हणते. आणि मुलगा तिला म्हणतो, ऐक गं आई, अशी तळमळू नकोस.

ही देवाघरची गोष्ट आहे असं ऐकताना वाटतच नाही. गावातल्याच कुणाचा पोरगा धरून नेलाय आणि आई दारोदार विचारत फिरतेय. हीनी एक कडवं संपवून दुसरं सुरू करतो तेव्हा मधे श्वासापुरतीसुद्धा सवड फार देत नाही. माझ्या वहीत या गाण्याची चार पानं झालीत आणि लाल खुणा सगळ्यात जास्त 'मॅकीन', म्हणजे 'लेकरू', या शब्दावरच्या न् वर आहेत.

कुठून ऐकायला सुरुवात करावी हे दोघातिघांनी विचारलं होतं. टॉपिक या कंपनीनं काढलेली १९६३ ची तबकडी चांगली आहे, गेल लिन या आयरिश संस्थेची १९७१ ची तर भाषेसाठी ऐकायलाच हवी. पण माझं मत स्पष्ट आहे : १९६४ मध्ये युअन मॅकॉल आणि पेगी सीगर या लोकगीतं गाणाऱ्या जोडीनं इंग्लंडमध्ये आपल्या घरी त्याला बसवून केलेलं ध्वनिमुद्रण. २००० साली ते दोन सीडींत आलं. समोर ऐकणारी माणसं बसलेली आहेत. कॉनेमाराच्या रीतीत गाण्यामागची गोष्ट ही गाण्याचाच भाग असते, ती बाहेर ठेवली की गाणं अर्धं राहतं. तबकडीवर तिला जागा नसते. मॅकॉल स्वतः गाणारा असल्यामुळे नेमकं तेच खोदून विचारतो.

'रॉक्स ऑफ बॉन' हे इंग्रजी गाणं त्याचं उत्तम उदाहरण. नुसतं ऐकलं तर खडकाळ रानात नांगर चालत नाही म्हणून हताश झालेला शेतगडी. हीनी मात्र ते सतराव्या शतकातल्या क्रॉमवेल या इंग्रज सत्ताधीशाच्या काळाशी जोडायचा, आयरिश लोकांना सुपीक जमिनीवरून हुसकून पश्चिमेच्या दगडांत ढकललं त्या काळाशी. कार्नाच्या आसपासचे फोटो बघा. दगडी बांध, मधे मूठभर माती. तो त्याच दगडांत वाढला होता.

पुढच्या महिन्यात हेच गाणं घेतेय. आयरिश उच्चारांसाठी रोज वीस मिनिटं ठेवली आहेत. 'ल' चे दोन प्रकार, जाड आणि बारीक, कानाला वेगळे कळायला लागलेत. जिभेला अजून जमत नाहीत. कुणी लाल खुणांसारखी दुसरी काही पद्धत वापरत असेल तर जरूर सांगा, विशेषतः श्वास कुठे घेतला ते कसं दाखवता. माझ्या वहीत त्यासाठी समास मोकळा ठेवला आहे.