जुनी स्टील फ्रेम, नवे गिअर

ऐंशीच्या दशकातल्या इटालियन स्टील रोडबाईकला मागच्या चाकाची जागा बहुतेक १२६ मिमी असते आणि आताच्या रिम ब्रेकवाल्या (म्हणजे चाकाच्या कडेला धरणारा ब्रेक) हबला, चाकाच्या मधल्या भागाला, लागते १३०, पण स्टील आहे ना, जाणकार मेकॅनिक फ्रेम तेवढी रुंद करून देतो (कार्बनला हे अजिबात करू नका!). मग ११ स्पीड, म्हणजे मागे ११ गिअर, बसतं. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये ब्रेक-गिअर एकत्र असलेले लिव्हर आणले, ते लावले की गिअर बदलायला हात फ्रेमच्या खालच्या नळीवरच्या जुन्या लिव्हरकडे न्यावा लागत नाही, चढावर तर खरंच सुख.

राहिलं दिसणं. बारीक नळ्या, नाजूक लग (नळ्यांचे सांधे) आणि त्यावर जाडजूड काळा क्रँक (पेडलचा दांडा), मला नाही बघवत! काहीजण म्हणतात चालवायचीये की शोकेसमध्ये ठेवायचीये, पण चंदेरी क्रँक आजही मिळतात, थोडं शोधा. आणि तो सडपातळ क्विल स्टेम (हँडल धरणारा जुन्या पद्धतीचा दांडा) प्लीज काढू नका.