माझा अनुभव: कांद्याच्या भावाचं टेबल स्वतःशीच जोडताना

आजच्या भावाशेजारी मागच्या लिलावाचा भाव दाखवायचा, एवढंच काम. मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या ‘भाव’ टेबलमध्ये चार कॉलम: समिती (बाजार समिती), वाण, तारीख, सरासरी (भाव). समित्या तीन: लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला. मार्चमध्ये लाल आणि उन्हाळ दोन्ही कांदे येतात, म्हणजे दिवसाच्या सहा ओळी.

टेबल लेफ्ट जॉइनने (जोड सापडली नाही तरी डावीकडची ओळ राहते) दोनदा घ्यायचं, एकदा ‘आ’ (आजचा भाव) आणि एकदा ‘का’ (मागचा भाव) या एलियसने, म्हणजे टोपणनावाने. एलियस विसरलात तर मायएसक्यूएल एरर १०६६ देतं. ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत, समिती आणि वाण दोन्ही जुळवा. नुसती तारीख जुळवली तर लासलगावचा लाल येवल्याच्या उन्हाळशी जोडला जातो आणि सहाच्या छत्तीस ओळी होतात.

मी आधी ‘का.तारीख’ म्हणजे ‘आ.तारीख’ वजा एक दिवस असं धरलं. रविवारी लिलाव बंद, त्यामुळे दर सोमवारी मागच्या भावाच्या जागी नल, म्हणजे काहीच नाही. म्हणून मागची लिलावाची तारीख सबक्वेरीने, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीने, काढावी लागते, आणि तिथे तेच टेबल तिसऱ्यांदा येतं. त्याला ‘मागे’ म्हटलं. माझे दोन दिवस गेले ते इथेच. सबक्वेरीत मी लिहिलं होतं:

मागे.तारीख < तारीख

क्वेरी विनातक्रार चालली आणि मागच्या भावाचा अख्खा कॉलम नल आला. बाहेरच्या सिलेक्टमध्ये असं मोघम ‘तारीख’ लिहिलं की एरर १०५२ येतो, कोणत्या टेबलची तारीख ते विचारलं जातं. सबक्वेरीत विचारलं जात नाही. एलियस नसलेला कॉलम आधी आतल्याच टेबलमध्ये शोधला जातो आणि तो तिथे सापडतोच. म्हणजे अट झाली ‘मागे.तारीख < मागे.तारीख’. ती कधीच खरी होत नाही, सर्वांत अलीकडची तारीख काढणारा मॅक्स नल देतो, आणि नलशी काहीच जुळत नाही. एरर आला असता तर पाच मिनिटांत सुटलं असतं, याचाच मला अजून राग आहे. बरोबर अट अशी:

का.तारीख = (सिलेक्ट मॅक्स(मागे.तारीख) फ्रॉम भाव मागे व्हेअर मागे.समिती = आ.समिती अँड मागे.वाण = आ.वाण अँड मागे.तारीख < आ.तारीख)

एकाच टेबलवरची क्वेरी असली तरी प्रत्येक कॉलमपुढे एलियस लावाच.

आधी सांगायला हवं होतं: समिती, वाण, तारीख या क्रमाने इंडेक्स करा, नाहीतर सबक्वेरी प्रत्येक ओळीसाठी टेबल चाळत बसते. टेंपररी टेबलवर हे करू नका. मायएसक्यूएल ते एका क्वेरीत दोनदा उघडत नाही, एरर ११३७ येतो. ‘का’वरची अट व्हेअरमध्ये टाकली तर ज्यांना मागचा भाव नाही त्या ओळी गळतात, म्हणून ती ऑनमध्येच ठेवा. सर्व्हरवर मायएसक्यूएल ८.० किंवा त्यापुढचं असेल तर आधीच्या ओळीतला आकडा देणारं लॅग फंक्शन हे सगळं सोपं करतं, आमच्याकडे ५.७ आहे, तिथे ते नाही.

लॅग वापरा किंवा जॉइन, हंगाम बदलला की मात्र जपा. लाल कांदा नव्याने सुरू होतो तेव्हा त्याची ‘मागची’ तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची निघते. मी सबक्वेरीत पंधरा दिवसांची मर्यादा घातली आहे.