बैल जमिनीवरच उभे करा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा 21 फुटांचा आणि त्याखालचा चौथरा 31 फुटांचा. पाहुणे वर बघून फोटो काढतात, माझी नजर मात्र चौथऱ्यावर जाते. वाळूजला फॅब्रिकेशनचं शेड आहे, त्यामुळे वर काय उभं आहे याच्या आधी ते कशावर उभं आहे हे बघायची खोड लागलेली. चौथरा एवढा उंच का, तर शेजारून उड्डाणपूल जातो. पूल झाला आणि जुना पुतळा त्यापुढे ठेंगणा दिसायला लागला. उंची वाढवा म्हणून लोकांनी मागणी लावून धरली, मग फेब्रुवारी 2022 मध्ये नवा पुतळा उभा राहिला. तिथं उंची पुलानं ठरवली, आणि ते बरोबरच झालं.

पण जिथं पूल नाही, धड दुमजली इमारतही नाही, तिथलेही लोक आता फुटांतच बोलतात.

मागच्या वर्षी एका तालुक्याच्या गावाहून काही मंडळी शेडवर आली. मोंढ्यासमोरच्या, म्हणजे धान्यबाजारासमोरच्या चौकात बैलजोडीचं शिल्प बसवायचं होतं. शिल्पकार त्यांचा, आतला सांगाडा आणि बसवण्याचं काम माझं. बैल देवणी की लालकंधारी हे ठरलं नव्हतं, पण चौथरा पंधरा फुटांचा हे ठरलं होतं. का, तर शेजारच्या गावात बारा फुटांचा आहे!

पंधरा फुटांवरचा बैल खालून कसा दिसतो? पोट आणि खूर. खांदा, वशिंड, वेसण, ज्यासाठी शिल्पकार महिनोन्महिने माती लावत बसतो, ते सगळं पोटाआड. आणि चौकाच्या मधल्या गोलात उभं केलं तर माणूस थांबून बघणार कुठून? सिग्नलला पाय टेकवून? शिवाय रस्ते, फुटपाथ अशा जागांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. म्हटलं, मोंढ्याच्या आवारात घ्या, गेटच्या आत. जागा भरपूर, शेतकरीही तिथेच.

उंचीचा दुसरा हिशोब वाऱ्याचा. वर जावं तसा वारा वाढतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. भारतीय मानकाप्रमाणे आपल्या औरंगाबादला (नाव बदललं, कोष्टकात जुनंच आहे) मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरायचा, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला पडला, तेव्हा ताशी 45 किलोमीटरच्या वाऱ्याचं कारण सांगितलं गेलं. ते ऐकून आमच्या शेडवरचा वेल्डरसुद्धा हसला. नट-बोल्ट गंजत असल्याचं बांधकाम खात्याचं पत्र त्याच्या काही दिवस आधीचं होतं, आणि कला संचालनालयानं मंजुरी दिली होती ती सहा फुटी मातीच्या मॉडेलला. उभा राहिला तो 35 फुटी.

ब्राँझ आणि साधं लोखंड एकमेकांना चिकटून राहिले आणि मध्ये ओल शिरली की आधी गंजतं ते लोखंड. बाहेरून पुतळा चकचकीत, आत सांगाडा खपल्या सोडतोय. म्हणून आत स्टेनलेस घ्यावं, दोन धातूंमध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती घालावी आणि पोकळ पुतळ्याच्या तळाशी पाणी निघायला भोकं ठेवावीत. या भोकांवर आमची हमखास भांडणं होतात. खालून पाणी गळताना बरं दिसत नाही म्हणतात. अहो, गळू द्या की! आत साचलं तर काय कराल?

मोठं करू नका असं माझं म्हणणं नाही. माझी सासुरवाडी कंधारकडची. तिथं मानसपुरीच्या शिवारात राष्ट्रकूटांच्या काळातल्या क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. मेहुणा मला दगडी पावलापाशी घेऊन गेला. "दाजी, हितं उभं राहा, फोटो काढतो," म्हणाला, आणि मी त्या बोटांशेजारी उभा राहिलो. मूर्ती केवढी असेल ते फुटांचा आकडा न सांगता कळलं. वेरूळला कैलासच्या अंगणातले हत्तीही तसेच. सोंडा तुटल्यात, पण अंगणात आपल्याच पातळीवर उभे आहेत. पोरं त्यांच्या पायांशी टेकतात आणि हत्ती मोठा म्हणजे केवढा ते अंगाला कळतं.

तेच मोंढेवाल्यांना सांगितलं. बैल खऱ्या बैलाच्या दीडपट करा, चौथरा वीतभर ठेवा, पाणी निघून जाईल एवढाच. भोवती फरशी घाला. चौथऱ्याच्या पैशातून ओतकाम चांगलं होईल.

ते आपसात बोलले. त्यातले एक काका, पांढरी टोपी, इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "पण मग पोरं वर चढून बसतील की ओ."

म्हटलं, म्हणूनच वशिंडापाशी आतून जादा पट्टी मारतो. दोघं-तिघं बसले तरी काही होणार नाही.